फोरमनकाकांचं इन्स्पेक्शन

सदानंद परबांना आमच्या बिल्डिंगमध्ये नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, तो म्हणजे पोस्टमन. बाकी सगळ्यांचे ते फोरमनकाका. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते पद काही सोडलं नव्हतं. बसगाड्या हातच्या गेल्या, म्हणून त्यांनी आमची बिल्डिंग ताब्यात घेतली. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गच्चीवरची टाकी आणि आम्ही सगळे बिऱ्हाडकरू त्यांच्या देखरेखीखाली आलो.

मुलुंड पूर्वेची ती जुनी तीन मजली बिल्डिंग. वरच्या मजल्यावर दोनच घरं, आमचं आणि परबांचं, दारासमोर दार. दिवसभर दोन्ही दारं उघडी असायची. त्यामुळे त्यांच्याकडे कसली फोडणी पडली ते मला कळायचं आणि माझ्या घरातली भांडणं त्यांना. मी मूळची जालन्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा परब नवराबायकोचं मालवणी मला भांडणासारखंच वाटायचं. ते प्रेमाने बोलतात तेव्हाही तसंच ऐकू येतं आणि खरोखर भांडतात तेव्हा दोघंही गप्प असतात, हे कळायला बराच काळ गेला.

काकांना आवाज ऐकायची खोड होती. फ्रिज असो, मिक्सर असो, आधी त्यावर तळहात ठेवायचे, मान वाकडी करायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "काय झालेलं नाय. आवाज खणखणीत आहे." वर्कशॉपच्या गोंगाटाने त्यांचे स्वतःचे कान निम्मे गेलेले होते ही गोष्ट वेगळी. आमच्या गिझरलाही त्यांनी असाच दाखला दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गिझरने बाथरूमभर पाणी ओकलं. काका आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "काल ठीक होता. रात्रीत कायतरी झालं असणार." चूक कबूल करणं त्यांना जमतच नसे. त्यांच्या मते दोष गाडीत असतो, ड्रायव्हरमध्ये असतो, साहेबात तर असतोच असतो, फोरमनमध्ये नसतो.

अशा माणसाला मधुमेह झाला.

त्यांनी तो शब्द कधी उच्चारला नाही. बिल्डिंगमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही असं माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बजावून ठेवलं. माईंनी ते इमानदारीने पाळलं, म्हणजे फक्त मला सांगितलं. मुलगी शलाका पवईला असते, मोठ्या कंपनीत. तिला "जरा गोडाचं बघायला सांगितलंय, बाकी काय नाय" एवढंच कळवलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या कधी घेतल्या जात, कधी राहून जात. खरी गंमत होती ती तपासणीची.

डेपोत मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन असायचं. काका त्याचं वर्णन रंगवून करत. साहेब येणार म्हटलं की दोनतीन दिवस आधी सगळा डेपो कामाला लागायचा. गाड्या धुवायच्या, फरशीवरचं ऑइल पुसायचं, मोडकी गाडी मागच्या शेडमध्ये ढकलून तिच्यावर ताडपत्री टाकायची. साहेब यायचे, बघायचे, खूश होऊन जायचे. दुसऱ्या दिवसापासून डेपो पुन्हा पहिल्यासारखा. "यात फसवणूक कसली?" काका म्हणायचे. "साहेबालाही माहीत असतं, आम्हालाही माहीत असतं. रीत आहे ती."

रक्ताच्या तपासणीलाही त्यांनी हीच रीत लावली. डॉक्टरांनी टेस्ट लिहून दिली की काका तारीख ठरवायचे आणि तयारीला लागायचे. भात बंद. सकाळी कारल्याचा रस, दोन्ही वेळा नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. गोळ्या घड्याळ लावून. मिठागरांच्या रस्त्याने पहाटे आणि संध्याकाळी अशा फेऱ्या की बघणाऱ्याला वाटावं या माणसाला सैन्यात भरती व्हायचं आहे. मग टेस्ट. लॅबमधून बाहेर पडले की थेट स्टेशनजवळच्या फरसाणवाल्याकडे, गरम जिलबी खायला. एकदा मी तिथे ढोकळा घ्यायला उभी होते. मला वाटलं, मला बघून ते ओशाळतील. कसले ओशाळतात! पाकाची बोटं पुसत म्हणाले, "झालं ना इन्स्पेक्शन. आता काय?"

रिपोर्ट अर्थात उत्तम यायचा. तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लटकायचा. त्याचा फोटो शलाकाला जायचा, तिच्याकडून अंगठा यायचा. आमचे दोन्ही घरांचे डॉक्टर देसाई तर त्यांच्यावर फिदाच. म्हणायचे, "परब, सगळे पेशंट तुमच्यासारखे निघाले तर मला दवाखान्याला कुलूप लावावं लागेल." तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक वेगळी टेस्ट असते, ती ते दर वेळी लिहून द्यायचे. तेवढी करायची मात्र काका दर वेळी विसरायचे. घरी तपासायचं छोटं मशीन आणावं असं माईंनी एकदा सुचवलं. काका उसळले, "म्हणजे रोज इन्स्पेक्शन? मग माणसान जगायचा कधी?"

माई कपाळाला हात लावायच्या. एकदा पाना शोधायला म्हणून त्यांनी काकांची हत्यारांची पेटी उघडली, तर खालच्या कप्प्यात गुळात घोळवलेल्या खाज्याचा पुडा. गावच्या जत्रेतून कुणीतरी आणलेला. माई तो पुडा घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"डॉक्टराक फसवतास की सोताक?"

"गप रव गो. माका काय होवचा नाय."

त्यावर दोन दिवस दोघं गप्प. म्हणजे खरं भांडण.

मी काळजीखोर बाई आहे, हे सांगून टाकते. गॅस बंद केला का ते बघायला मी स्टेशनवरून परत आलेली आहे. त्यामुळे मला जे दिसायचं ते कुणी मनावर घेत नसे. काका जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि वर बघत दिव्याचा होल्डर तपासायचे. सगळ्यांना वाटायचं, काय कर्तव्यदक्ष माणूस आहे. मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. एकदा पंपाचं काम करून वर आले ते घामाने निथळत. चेहरा राखेसारखा. डाव्या खांद्यात काहीतरी अडकलंय म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन लावू?" तर म्हणाले, "ॲसिडिटी गो. कालचा वडा." सोडा मागवला, प्यायले, ढेकर दिला आणि झोपले. मी रात्रभर जागी. सकाळी ते पुन्हा पंपापाशी.

मग ती साथ आली. पहिली लाट आम्ही सगळ्यांनी दारं बंद करून काढली. काकांनी तर फाटकावर पाण्याची बादली आणि साबण ठेवून स्वतःच्या देखरेखीखाली हात धुवून घेतले लोकांचे. दुसऱ्या लाटेत मात्र त्यांना ताप आला. माईंनाही आला, पण त्यांचा दोन दिवसांत उतरला. काकांचा उतरेना. दोघांना घरातच राहायला सांगितलं होतं. मी मास्क लावून डबा त्यांच्या दारातल्या स्टुलावर ठेवायची आणि मागे सरकायची. हवा खेळती राहावी म्हणून दारं खिडक्या उघड्याच होत्या. ऐकायला कमी येत असल्याने काकांचा फोन कायम स्पीकरवर. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या दारातून ऐकलं.

महापालिकेच्या वॉर्डातून एका मुलीचा फोन यायचा. दमलेला, गोड आवाज. "काका, ताप किती? ऑक्सिजन किती? शुगर, बीपी, हार्टचं काही आहे का?"

"काय नाय. सगळा नॉर्मल."

त्या दिवसांत पेपर उघडला, टीव्ही लावला, व्हॉट्सॲप बघितलं, तरी एकच सांगत होते की साखर, रक्तदाब, हृदयाचं दुखणं असणाऱ्यांना हा आजार जास्त गाठतो, त्यांनी लगेच सांगावं. काका पेपर वाचत नव्हते असं नाही. रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत. पण त्यातलं काही त्यांना लागू नव्हतं. ते पास झालेले होते.

एका दुपारी डॉक्टर देसाईंचा फोन आला. ते स्वतःही खोकत होते.

"परब, ताप हटत नाहीये तुमचा. मी एक गोळी सुरू करतोय. स्टेरॉइड आहे. त्याने साखर भडकते, म्हणून डायबिटीसवाल्यांना द्यायची म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. लॅबवाला घरी यायला चार दिवस लावतोय. पण तुमचं काय, तुमची साखर माझ्यापेक्षा चांगली! कंट्रोलमध्येच आहे ना?"

मला माई दिसत होत्या. पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. ते पलंगावर पाय खाली सोडून बसले होते आणि फोन हातात आरशासारखा धरला होता. आता सांगतील, असं मला अगदी वाटलं.

"एकदम, डॉक्टर. एकदम कंट्रोल."

मी आत येऊन शलाकाला फोन लावला. जिलबी, कारलं, ताडपत्री, सगळं सांगितलं. ती बिचारी घाबरलेलीच होती, पण तिला पटेना. "मावशी, बाबांचे सगळे रिपोर्ट आहेत माझ्याकडे. प्रत्येक वेळचे. एकही वाईट नाहीये गं." तिने त्यांना विचारलं. ते मला माझ्याच दारात ऐकू आलं. "सुनंदाक काय विचारतंस? गॅस बघूक स्टेशनारसून परत येणारी ती!" हसले आणि खोकल्याची उबळ आली. मला राग आला, खरंच आला, पण तो खोकला संपेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या. ताप उतरला. मला वाटलं, चला, माझंच डोकं फिरलंय. पण मग त्यांना तहान लागायला लागली. माई तांब्या भरून ठेवायच्या आणि तो पुरत नसे. दर थोड्या वेळाने बाथरूमचं दार वाजायचं. जीभ कोरडी पडून शब्द चिकटत. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीकडे बघत बसायचे. बोटाला लावायच्या त्या छोट्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडाही घसरू लागला होता. मी देवाला मानत नाही, आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे. तरी त्या दोनतीन दिवसांत मी माईंच्या देवघराकडे बघून कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते मलाच माहीत नाही.

शेवटी माईच पुढे झाल्या. सकाळची वेळ होती. मी डबा ठेवायला गेले होते. माई पलंगासमोर उभ्या होत्या, भिंतीला टेकून, कारण त्यांच्याही अंगात त्राण नव्हतं.

"त्या डायवराक तुमी कित्या मारलास?"

मला ती हकीकत ठाऊक होती. डेपोतल्या एका ड्रायव्हरने ब्रेक नीट लागत नाहीत हे वर्कशॉपला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गाडी उभी राहिली असती आणि त्याला खटारा मिळाला असता. त्याने तशीच गाडी काढली आणि ती उतारावर दुभाजकावर चढली. माणसं वाचली, पण काकांनी सगळ्या डेपोसमोर त्याच्या मुस्काटात मारली आणि मग स्वतःच कँटीनच्या मागे जाऊन रडले. नोकरीतली ही एकच गोष्ट ते कधी रंगवून सांगत नसत. मला माईंनीच सांगितली होती.

काकांनी तांब्याला हात घातला.

"ब्रेक लागत नाय होतो आणि तेना सांगल्यान नाय, म्हणान मारलास. खरा की नाय?"

"होय."

"मगे?"

एवढंच. माई खाली बसल्या. काकांनी बराच वेळ चादरीची घडी सारखी केली. मग फोन घेतला आणि डॉक्टर देसाईंना लावला. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता.

"डॉक्टर, परब बोलतंय. माझे रिपोर्ट खोटे नव्हते. पण खरे पण नव्हते."

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "अरे देवा, परब!" आणि पुढच्याच श्वासाला, "आहे तसे हॉस्पिटलमध्ये जा. आत्ता. वाट बघू नका."

वॉर्डाच्या नंबरावर मी फोन लावत बसले. किती वेळा लावला कोण जाणे. बेड मिळेपर्यंत दुपार झाली. रुग्णवाहिका आली तोवर शलाका रिक्षाने पवईहून पोहोचली होती. तिला फाटकाशीच थांबवलं. काका जिना उतरले ते स्वतःच्या पायांनी, दोन्ही हातांनी कठडा धरून. प्रत्येक मजल्यावर थांबले, पण या वेळी दिव्याकडे बघितलं नाही. खिडक्याखिडक्यांत माणसं उभी होती.

रुग्णवाहिकेबरोबर आलेला माणूस पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत बांधलेला. त्याला काकांचं ऐकू येईना, काकांना त्याचं. "चाचा, शुगर, बीपी है क्या?" त्याने दोनदा विचारलं. काकांनी मास्क हनुवटीखाली ओढला, रुग्णवाहिकेच्या दाराला धरलं आणि ओरडले. डेपोत ओरडत असतील तसेच.

"शुगर आहे! खूप वर्षं आहे. कंट्रोल नाय! गोळ्या चुकवल्यात. हार्टचं पण असेल, छातीत भरून आलेलं एकदा. लिहून घे सगळं!"

सगळी बिल्डिंग ऐकत होती. एरवी चार लोकांत डॉक्टरचं नाव निघालं तरी विषय बदलणारा हा माणूस. फाटकाबाहेर शलाका तोंडावर ओढणी दाबून रडत होती. काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, तेवढं धाडस उरलं नव्हतं. एवढ्या बोलण्याने त्यांना धाप लागली आणि त्या माणसाने त्यांना जवळजवळ उचलूनच आत घेतलं.

हॉस्पिटलच्या मशीनने साखरेचा आकडाच दाखवला नाही. त्याच्या मापापलीकडे गेली होती. लगेच इन्सुलिन सुरू केलं. हृदयाचा ईसीजी काढला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी शलाकाला विचारलं, "यांना आधी अटॅक कधी आला होता?" ती म्हणाली, कधीच नाही. ते म्हणाले, येऊन गेलाय, मधुमेहात असं होतं, दुखतही नाही फारसं, माणसाला कळतच नाही. शलाकाने मला फोन केला. मला पंपाचा दिवस आठवला, तो सोडा आठवला. मी तिला सांगितलं.

पुढचे दिवस चांगले गेले, हेच जास्त वाईट. साखर उतरत गेली. ऑक्सिजन थोडा वर आला. तिथल्या सिस्टर दुपारी स्वतःच्या फोनवरून घरच्यांशी बोलणं करून द्यायच्या. माईंना स्मार्टफोन धरता यायचा नाही, त्यांचा अंगठा कायम कॅमेऱ्यावर. म्हणून मी मास्क लावून त्यांच्या उंबऱ्यावर बसायची आणि फोन धरायची. अशाच एका दुपारच्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी काकांच्या हृदयाने दगा दिला. झोपेतच गेले, असं आम्हाला सांगण्यात आलं. पण त्या दुपारी यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं. त्या दुपारी ते उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. पण डोळे त्यांचेच.

"जेवलास काय ओ?" माईंनी विचारलं.

"जेवलंय. भाकरी नाय गो हय. चपाती. चामड्यासारखी." मग त्यांनी हात वर केला. बोटांत कागदावर ठेवलेला एक पेढा होता. "शेजारच्यान दिल्यान. घराक चललो तो आज."

माईंनी माझ्या हातातला फोन जवळ ओढला. "खाल्लास?"

"नाय. एकच दिल्यान, बघ, आख्खो आसा." त्यांनी पेढा कॅमेऱ्याच्या अगदी समोर धरला. सगळा पडदा पेढ्याने भरून गेला. मग तो पुन्हा खाली गेला आणि मागून त्यांचा चेहरा आला.

इतकी वर्षं या बाईने त्यांच्या तोंडातला घास मोजला होता. पेट्या उघडल्या होत्या, पुडे शोधले होते, अबोले धरले होते. माई त्या पेढ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"खावा ओ," त्या म्हणाल्या. "एकान काय होवचा नाय."

काकांनी पेढ्याकडे बघितलं. मन झालं असणार. जिलबीवर जीव टाकणारा माणूस तो. माझ्याच तोंडातून "खा हो काका" निघता निघता राहिलं.

"नको," ते म्हणाले. "घराक येतलंय आणि खातलंय. तुझ्यासमोर बसान."

मग त्यांनी तो पेढा कागदात नीट गुंडाळला आणि फोन सिस्टरच्या हातात परत दिला.